मुलीच्या स्विमिंगसाठी घेतलेली कॉलेज रिक्रूटिंग सर्व्हिस: दीड वर्षाचा अनुभव, ५ पैकी २ स्टार

नमस्कार. हा रिव्ह्यू लिहीन लिहीन म्हणत महिना गेला. परवा मंडळाच्या हळदीकुंकवाला दोघींनी बाजूला घेऊन तेच विचारलं, "अगं तुम्ही ती कॉलेज रिक्रूटिंगवाली सर्व्हिस घेतली होतीत ना, कशी होती, आम्ही घेऊ का?" वाणाच्या गडबडीत धड सांगता आलं नाही म्हणून इथे सगळं लिहिते. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खेळणाऱ्या मुलांची माहिती कॉलेजच्या कोचपर्यंत पोचवतो आणि टीममध्ये जागा मिळवायला मदत करतो, असं सांगून पैसे घेणाऱ्या ह्या कंपन्या.) लांबलचक होणार आहे, पण ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत आणि मनापासून खेळतात त्यांनी पूर्ण वाचा, कारण प्रश्न तीन साडेतीन हजार डॉलरचा तर आहेच पण त्याहून जास्त मुलांच्या दोन वर्षांचा आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच आहेत, सगळ्यांची पद्धत साधारण एकच, त्यामुळे नावापेक्षा पद्धत कळलेली बरी.

आम्ही न्यू जर्सीत. मुलगी आता सीनियर, म्हणजे बारावीला. आठ वर्षांची असल्यापासून क्लबमध्ये पोहते, शाळेच्या टीममध्येपण आहे, मुख्य इव्हेंट १०० आणि २०० ब्रेस्टस्ट्रोक. सोफोमोर इयर, म्हणजे दहावी, संपत आलं तेव्हा तिचा १०० यार्डाचा टाइम १:०६ च्या जरा वर होता. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे शाळा-कॉलेजचा हिवाळी सीझन २५ यार्डाच्या पूलमध्ये असतो, मीटरच्या नाही, त्यामुळे टाइमची थेट तुलना करू नका.) हा टाइम चांगला आहे पण ऑलिम्पिक ट्रायलवाला नाही. आणि माझ्या मते बहुतेक घरांतली मुलं अशाच जागी असतात, चांगली, मेहनती, पण कोच घरी फोन करत येतील अशी नाहीत. ह्या सर्व्हिसेस नेमक्या अशाच घरांना विकल्या जातात.

एप्रिल २०२४ मध्ये एका मीटला दुसऱ्या पालकांकडून नंबर मिळाला. मी फॉर्म भरला आणि दुसऱ्या दिवशी फोन. झूम कॉलला आई, बाबा आणि मुलगी तिघंही पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता, एकटीशी ते बोलायलाच तयार नव्हते. तेव्हा मला वाटलं किती छान, फॅमिलीला सामील करून घेतात. नंतर कळलं की घरात पैशाचा निर्णय घेणारे दोघं समोर असले की "विचार करून सांगतो" म्हणता येत नाही. तासभर कॉल चालला. मुलीचं खूप कौतुक केलं, मग १५ जूनची तारीख दाखवली, त्या दिवसापासून कोच मुलांशी बोलायला लागतात, त्याआधी प्रोफाइल तयार नसेल तर तुम्ही मागे पडाल, आणि आज साइन केलंत तर एवढे एवढे डॉलर कमी. नवरा म्हणाला उद्यापर्यंत वेळ द्या. ते म्हणाले हा रेट उद्या नसेल. मुलगी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसलेली. तिच्यासमोर नाही कसं म्हणणार, तिच्यावर विश्वास नाही असं तिला वाटलं असतं. केलं साइन, हप्त्यांवर.

आता ती १५ जूनची गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी घाई त्या एका तारखेवर विकली जाते. एनसीएए ही इथली कॉलेजच्या खेळांची संघटना, तिने कॉलेजं डिव्हिजन वन, टू, थ्री अशी विभागलेली आहेत. तिच्या नियमाने डिव्हिजन वनचे कोच स्विमिंगसकट बऱ्याच खेळांत सोफोमोर इयर संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलांना स्वतः मेसेज-फोन करू शकतात. हा नियम कोचवर आहे. तुमच्या मुलीने कोचला आधी मेल पाठवायला काहीही बंदी नाही, फक्त त्याला त्या तारखेआधी उत्तर देता येत नाही. आणि डिव्हिजन थ्रीला तर मेल-फोनसाठी ती तारीख लागूच नाही. हे मला कॉलवर कोणी सांगितलं नाही. हे मला आमच्या क्लबच्या कोचने पूलच्या काठावर उभं राहून दोन मिनिटांत सांगितलं, फुकट.

पॅकेजमध्ये काय होतं: एक प्रोफाइल पेज, एका बटणावर खूप कोचना मेल पाठवायची सोय, व्हिडिओ एडिटिंग, महिन्यातून एक वेबिनार, एक अ‍ॅडव्हायझर, आणि किती कोचनी प्रोफाइल बघितलं ते दाखवणारा डॅशबोर्ड. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या (मुलगी कॉलेजात खेळायला पात्र आहे का ते तपासणारं ऑफिस) रजिस्ट्रेशनसाठी मदत असंही लिहिलं होतं. तो फॉर्म आपला आपल्याला भरता येतो, शाळेतल्या गायडन्स काउन्सेलरकडून ट्रान्सक्रिप्ट पाठवून घ्यायची एवढंच. डिव्हिजन वनसाठी १६ कोअर कोर्स आणि त्यात किमान २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आणि १६ पैकी १० कोर्स सीनियर इयर सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत. आपल्या मुलांना हा जीपीए अवघड जात नाही, पण कोणता कोर्स कोअर धरला जातो ते शाळेच्या यादीत तपासून घ्या. एसएटीची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली, मात्र कॉलेजची स्वतःची अट वेगळी, एमआयटीसारख्या ठिकाणी एसएटी किंवा एसीटी लागतेच.

व्हिडिओचं काय झालं तेपण सांगते. फुटबॉल, सॉकर, व्हॉलीबॉलला व्हिडिओ लागतो, तिथे कोचला खेळ डोळ्यांनी बघावा लागतो. स्विमिंगला घड्याळ बोलतं. यूएसए स्विमिंगच्या मान्यताप्राप्त मीटमधला प्रत्येक टाइम त्यांच्या डेटाबेसमध्ये जातो, तो कोणालाही बघता येतो, आणि स्विमक्लाउड ह्या वेबसाइटवर तर मुलीचे टाइम कुठल्या कॉलेजच्या टीममध्ये कितव्या नंबरला बसतात तेही दिसतं. त्याचं बेसिक अकाउंट फुकट आहे. म्हणजे "आम्ही तुमच्या मुलीला कोचसमोर आणू" ह्याच्यासाठी मी जे पैसे मोजत होते ते काम ती स्वतः पाण्यात उतरून दर महिन्याला करत होती. ट्रॅकवाल्या पालकांनीपण हे लक्षात घ्या, ज्या खेळात निकाल सेकंदात किंवा मीटरमध्ये येतो त्याला मध्यस्थाची गरज फार कमी.

आता मुख्य तक्रार. जून २०२४ मध्ये त्यांनी तिच्या नावाने पहिला मेल साठेक कोचना पाठवला. आम्हाला आधी दाखवला होता, पण दाखवला तो नमुना आणि गेला तो वेगळाच. तीन दिवसांनी ओहायोतल्या एका कॉलेजच्या असिस्टंट कोचचं उत्तर आलं. मुलगी जेवणाच्या टेबलावर बसून वाचत होती, आमटीचा चमचा तसाच हातात. कोचने फार सौजन्याने लिहिलं होतं की मी तुझे टाइम बघितले, तू ब्रेस्टस्ट्रोकर दिसतेस, पण पत्रात तू १०० बटरफ्लाय तुझा मुख्य इव्हेंट म्हणतेस, आणि आमच्या कॉलेजला तू जो मेजर करायचा म्हणतेस तो आमच्याकडे नाहीच. हे पत्र तूच लिहिलंयस का?

मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि ती म्हणाली, "आई, साठ लोकांना मी खोटी वाटले असणार." मला त्या क्षणी काय बोलावं सुचलं नाही. लेकराच्या नावावर दुसऱ्या कोणी शब्द घातले आणि त्यासाठी पैसे आम्ही दिले, ही टोचणी मला अजून आहे.

कंपनीला फोन केला तर म्हणाले टेम्प्लेटची चूक, अ‍ॅडव्हायझर बदलून देतो. अठरा महिन्यांत तीन अ‍ॅडव्हायझर झाले.

त्या रात्री मुलीने त्या असिस्टंट कोचला स्वतः उत्तर लिहिलं. तीन वेळा खोडून, आठ ओळी. हे मी नाही लिहिलं, मी एका सर्व्हिसवर विश्वास ठेवला, माझा इव्हेंट ब्रेस्टस्ट्रोक, मला केमिस्ट्री आवडते, तुमच्या टीममधल्या दोन ब्रेस्टस्ट्रोकर पुढच्या वर्षी ग्रॅज्युएट होतायत असं मी बघितलं. मी फक्त स्पेलिंग बघायला गेले तर मला ते पण करू दिलं नाही. तिथून पुढचे सगळे मेल तिने लिहिले, रविवारी संध्याकाळी एक तास, आठवड्याला तीन कॉलेज. सब्जेक्टमध्ये ग्रॅज्युएशनचं वर्ष, इव्हेंट आणि टाइम. आत प्रत्येक कॉलेजसाठी एक तरी वाक्य असं की जे दुसऱ्या कॉलेजला चालणार नाही. साठ कोचच्या त्या मेलला एक उत्तर आलं होतं. ह्या मेलांपैकी निम्म्याहून जास्त मेलांना आली. काही "सध्या आमच्या टाइमच्या जवळ नाहीस, जानेवारीत पुन्हा लिही" अशी होती, पण ती माणसाने माणसाला लिहिलेली होती.

नंतर एका कॅम्पस व्हिजिटला एका हेड कोचला मी हळूच विचारलं की पालकांनी काय करावं. तो म्हणाला, मेल मुलीचा पाहिजे, फोन मुलीने उचलला पाहिजे, आणि व्हिजिटला पहिला प्रश्न मुलीने विचारला पाहिजे, कारण चार वर्षं मला तिच्याशी काम करायचंय, तुमच्याशी नाही. मला हे लागलं नाही, उलट खूप हलकं वाटलं. आपल्याकडे मुलांच्या वतीने बोलणं हे प्रेम असतं, शाळेत, डॉक्टरकडे, सगळीकडे आपणच पुढे. इथे तो हात मागे घ्यावा लागतो, आणि तो सोळाव्या वर्षी घ्यावा लागतो, अठराव्या नाही. पहिला फोन आला तेव्हा ती तिच्या खोलीत आणि मी खाली भाजी निवडत, मेथीची जुडी संपली तरी फोन चालूच, बावीस मिनिटं. खाली आली आणि म्हणाली, "त्याने मला विचारलं वाईट रेस झाल्यावर मी काय करते." एवढंच सांगितलं. मी पण पुढे विचारलं नाही.

आता डिव्हिजन थ्रीबद्दल, कारण आपल्या लोकांत ह्याबद्दल फार गैरसमज आहे आणि ती सर्व्हिस तो दूर करत नव्हती. वन म्हणजे वरचा वर्ग, थ्री म्हणजे खालचा, असं आपण धरतो. पोहण्याच्या बाबतीत सरासरी तसं असेलही, पण कॉलेज म्हणून? एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, एमरी, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, हे सगळे स्विमिंगमध्ये डिव्हिजन थ्री आहेत. ओहायोतल्या केन्यन कॉलेजच्या पुरुष टीमने १९८० ते २०१० सलग ३१ वर्षं डिव्हिजन थ्रीची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली. आमच्या घराजवळचं टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) सरकारी कॉलेज आहे, डिव्हिजन थ्री आहे आणि स्विमिंगची त्यांची परंपरा चांगली आहे. मुलीच्या टाइमला डिव्हिजन वनच्या वरच्या टीममध्ये उभं राहायलाही जागा नव्हती, पण डी-थ्रीच्या चांगल्या टीममध्ये ती कॉन्फरन्सला, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या स्पर्धेत, टीमला पॉइंट आणू शकत होती. म्हणजे पोहायला मिळणार, बेंचवर टाळ्या वाजवायला नाही.

पैशाची बाजू मात्र डोळे उघडून बघा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, एक डॉलरपण नाही. आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही तिथेही नसते. एनसीएए स्वतःच सांगते की हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण २ टक्के मुलांना कॉलेजमध्ये खेळाची स्कॉलरशिप मिळते. कॉलवर आम्हाला "स्कॉलरशिप" हा शब्द इतक्या वेळा ऐकवला की नवऱ्याने वहीत आकडा लिहून ठेवला होता किती मिळेल म्हणून. मिळणार होतं ते शून्य, आणि आमच्या मुलीचे टाइम बघून हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं. मेरिट किंवा गरजेप्रमाणे मदत मिळू शकते पण ती कॉलेज देतं, कोच नाही, आणि विल्यम्स-अ‍ॅमहर्स्टसारखी कॉलेजं मेरिटपण देत नाहीत, फक्त उत्पन्न बघून देतात. बऱ्याच नावाजलेल्या प्रायव्हेट कॉलेजांचा वर्षाचा सगळा खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: कोचला पहिला मेल जाण्याआधी आई-बाबांनी बसून त्या कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाऊन आपल्याला किती पडेल त्याचा अंदाज देणारा) भरावा. २०११ पासून कायद्याने जवळजवळ प्रत्येक कॉलेजला तो ठेवावा लागतो. वीस मिनिटं लागतात, टॅक्सचे कागद जवळ ठेवा. आम्ही चार कॉलेजं तिथेच कमी केली, मुलीला आकडे दाखवून. तिला वाईट वाटलं पण ऑफर हातात आल्यावर नाही म्हणण्यापेक्षा हे परवडलं. हे काम पालकांचंच आहे, इथे मागे राहू नका. पुढे फॅफसा आणि सीएसएस प्रोफाइल हे आर्थिक मदतीचे फॉर्म भरताना उत्पन्न, प्रॉपर्टी, आणि सीएसएसमध्ये तर राहतं घरसुद्धा विचारतात, त्याची तयारीपण आपणच करायची.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचा गुडघा दुखायला लागला. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो, ह्या दुखण्याला इथे ब्रेस्टस्ट्रोकरचा गुडघाच म्हणतात. फिजिओने सहा आठवडे किक बंद सांगितली. पायांत पुल बॉय (फोमचा तरंगणारा तुकडा) अडकवून नुसत्या हाताने पोहायचं. ज्युनियर इयरचा चॅम्पियनशिप सीझन, कोच जो टाइम बघतात तो नेमका हाच, आणि ही बाजूच्या लेनमध्ये एकटी. पहाटे पावणेपाचला मी तिला गाडीत घालून न्यायचे, बाहेर उणे तापमान, काच खरवडून काढायची, आणि वाटेत दोघीही गप्प. एके दिवशी ती म्हणाली, "आई, मी पोहले नाही तरी तू मला उठवशील का गं?" मी हो म्हटलं आणि पुढचा सिग्नल मला नीट दिसला नाही.

अ‍ॅडव्हायझरचा (हा तिसरा) सल्ला होता की कोचना काही सांगू नका, दुखापतीचं नाव काढलं की लिस्टमधून जाल, मार्चमध्ये जुनेच टाइम परत पाठवा. मुलीने ऐकलं नाही. ज्यांच्याशी बोलणं चालू होतं त्या सहाही कोचना तिने खरं लिहिलं, काय झालंय, फिजिओ काय म्हणाला, कधी परत पोहणार. दोघं गप्प झाले ते झालेच. तिघांनी काळजी घे म्हणून लिहिलं. आणि एकाने, हो तोच ओहायोवाला ज्याला बटरफ्लायचं पत्र गेलं होतं, रिहॅबचा प्लॅन मागवून घेतला, आमच्या ट्रेनरला दाखवतो म्हणाला, आणि दर दोन आठवड्यांनी विचारत राहिला. तेव्हा माझा त्या माणसावर जीव बसला. चार वर्षं लेक ज्याच्या ताब्यात द्यायची तो ती दुखण्यात असताना कसा वागतो, हे आम्हाला आधीच बघायला मिळालं.

सर्व्हिसला दोन स्टार का, शून्य का नाही, तेपण प्रामाणिकपणे सांगते. दुसरी अ‍ॅडव्हायझर स्वतः कॉलेजमध्ये पोहलेली होती. कंपनी सोडून जायच्या आधी तिने मुलीबरोबर चाळीस मिनिटांचा एक कॉल केला, तो खरोखर सोन्यासारखा होता. कोचला काय विचारायचं ते तिने शिकवलं. तुमच्या टीममध्ये आज मी कितवी? पुढच्या दोन वर्षांत माझ्या इव्हेंटच्या किती मुली बाहेर पडतायत? रोस्टरमध्ये (टीमच्या यादीत) किती जणी ठेवता आणि कोणाला काढता का? लॅब आणि प्रॅक्टिस एका वेळी आली तर काय होतं? अ‍ॅडमिशन ऑफिसकडे तुम्ही माझ्यासाठी बोलणार का, आणि गेल्या वर्षी ज्यांच्यासाठी बोललात त्यातल्या किती जणांना मिळालं? कोच "वी लव्ह यू" म्हणाला म्हणजे काहीच नाही झालं, अ‍ॅडमिशनचं पत्र फक्त अ‍ॅडमिशन ऑफिस देतं, हेपण तिनेच स्पष्ट सांगितलं. प्री-रीड म्हणजे काय तेपण तिच्याकडून कळलं: ज्युनियर इयर संपल्यावर जुलैमध्ये डी-थ्रीचे बरेच कोच मुलीची ट्रान्सक्रिप्ट आणि स्कोअर अ‍ॅडमिशन ऑफिसला आधीच दाखवून अंदाज घेतात, आणि काही कॉलेजं खर्चाचापण अंदाज देतात. तो मागून घ्या, मागितल्याशिवाय कोणी देत नाही. तेवढ्या एका कॉलचे त्यांनी दोन-तीनशे डॉलर घेतले असते तर मी आनंदाने पाच स्टार दिले असते.

डॅशबोर्डबद्दल एकच. त्यावर "१७ कोचनी प्रोफाइल बघितलं" असं दिसायचं आणि मी रोज झोपायच्या आधी तो आकडा बघायचे. व्हिजिटला मुलीने चार कोचना सहज विचारलं, चौघांनीही ते पेज उघडलेलं नव्हतं, स्विमक्लाउड आणि तिचे मेल एवढंच बघितलं होतं. बाकी वेबिनार मराठी मालिकेच्या रिकॅपसारखे, तेच तेच.

मध्येच नियम बदलले ते पण सर्व्हिसने वेळेवर सांगितलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडू आणि कॉलेज सही करायचे ते करारपत्र) बंद झालं, आणि ६ जून २०२५ ला हाउस सेटलमेंट (एनसीएएविरुद्ध खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड) कोर्टात मंजूर झालं. त्यात जी डिव्हिजन वन कॉलेजं सामील झाली त्यांच्याकडे स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन रोस्टरची मर्यादा आली, स्विमिंगला ३०. ऐकायला हे छान वाटतं पण अर्थ असा की जिथे पूर्वी वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, जास्तीच्या मुली घेत होते तिथे जागा कमी झाल्या, आणि तिथली बाहेर पडलेली चांगली मुलं खालच्या टीमकडे वळली. आमच्या क्लबमधल्या एका मुलाशी दोन वर्षं बोलत असलेला कोच जुलैत म्हणाला जागा नाही. म्हणून २०२६, २०२७ ला ग्रॅज्युएट होणाऱ्यांनी रोस्टरचा प्रश्न सरळ आकड्यात विचारा.

ओहायोच्या त्या कॉलेजचं प्री-रीड जुलैत चांगलं आलं. सप्टेंबरमध्ये ती एक रात्र टीमबरोबर राहून आली. परत आल्यावर मी विचारलं पूल कसा आहे, तर पूलबद्दल काही नाही, म्हणाली प्रॅक्टिसनंतर सगळ्या जणी एका टेबलावर बसून ऑरगॅनिक केमिस्ट्रीची क्विझ एकमेकींना विचारत होत्या आणि मला त्यात घेतलं. तेव्हा मला समजलं की झालं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ली डिसिजन भरलं. ते बंधनकारक असतं, मिळालं की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे, म्हणून पैशाचा हिशोब आधी पक्का पाहिजे असं वर म्हटलं. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आलं. ती तेव्हा प्रॅक्टिसवरून आली होती, केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास, तशीच स्वयंपाकघरात उभी राहून तिने फोन उघडला आणि खाली बसली. मग सांगलीला फोन लावला. माझी आई गेली दोन वर्षं विचारत होती, "पोहून कॉलेज मिळतं होय गं?" तिला सांगितलं, पोहून नाही गं आई, अभ्यास करून, पण पोहल्यामुळे तिला नीट ओळखलं त्यांनी. बाबा मागून म्हणाले तिला सांग, तुझ्या आईला मी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं, तिथून आलंय हे. मी स्वतः शाळेत खो-खो खेळायचे. दहावी आली आणि खेळ बंद झाला, कोणी बळजबरी केली नाही, तसंच असतं म्हणून बंद झाला. लेकीचा खेळ बारावीतपण चालू राहिला हे मला अजून नवल वाटतं.

मीटचं एक राहिलं, कारण बऱ्याच जणी विचारतात की मग पालकांनी करायचं काय. टाइमर म्हणून उभ्या राहा. प्रत्येक मीटला लेनमागे दोन-तीन पालक स्टॉपवॉच घेऊन लागतात, कधीच पुरेसे नसतात. बूट भिजतात, आत दमट इतकं की चष्म्यावर वाफ धरते, चार तास पाय मोडतात, पण हातात काम असतं आणि स्वतःच्या मुलीच्या रेसकडे बघून छाती धडधडायला वेळ मिळत नाही. शिवाय भिंतीला हात लागल्यावर मुलांचे चेहरे हातभर अंतरावरून दिसतात, सगळ्यांच्या मुलांचे. प्रिलिम आणि फायनलच्या मधल्या वेळेसाठी डबा न्या. मी आधी शेंगदाण्याचे लाडू न्यायचे, टीममधल्या एका मुलीला ते चालत नाहीत असं कळल्यावर खजूर-तिळाचे करायला लागले, ते आता सगळ्या लेनमध्ये वाटले जातात. आणि रेस झाल्यावर घड्याळातला आकडा आपण आधी बोलायचा नाही. तिने बोलू द्या. गाडीत बसल्यावर भूक लागली का एवढंच विचारा.

तर सर्व्हिस घ्यावी का? स्विमिंग, ट्रॅकवाल्यांनी माझ्या मते नाही. सॉकर, व्हॉलीबॉल, लॅक्रॉसमध्ये जिथे व्हिडिओ आणि टूर्नामेंटच्या याद्या असतात तिथे काही उपयोग होत असेल, पण पॅकेज न घेता तासाच्या हिशोबाने सल्ला देणारं माणूस शोधा, जमल्यास स्वतः कॉलेजमध्ये खेळलेलं. आधी क्लबच्या कोचला आणि शाळेच्या काउन्सेलरला विचारा, आमच्या दोघांनीही मागाल ती माहिती दिली. ज्या घरात आई-बाबा दोघंही दोन-दोन शिफ्ट करतात, इंग्रजीतले फॉर्म भरायला कोणी नाही, त्यांना कोणीतरी हाताला धरून नेणारं लागतं हे मी समजू शकते, पण त्यांच्यासाठी तर तीन हजार डॉलर आणखीच मोठे आहेत.

घेतलीतच तर सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट रात्रभर घरी ठेवा. तीन गोष्टी शोधा: मध्येच थांबलं तर उरलेले हप्ते द्यावे लागतात का, आपोआप रिन्यू होतं का, आणि मुलीच्या नावाने मेल जाण्याआधी तिची लेखी परवानगी घेतात का. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तिसरं नव्हतंच, आणि पहिलं आमच्या विरुद्ध होतं. मी चार मेल आणि दोन फोन केले, बटरफ्लायच्या पत्राची आणि कोचच्या उत्तराची कॉपी जोडली, तेव्हा शेवटचे दोन हप्ते माफ झाले. प्रोफाइल काढून टाकायला गेल्या आठवड्यात सांगितलंय, फोटो आणि शाळेचं नाव तिथे आहे. काढलं की इथे खाली लिहीन.